विंडोजच्या पोटात लिनक्स मिंट : काही महिने वापरल्यानंतर

अंबडच्या ज्या वर्कशॉपचे हिशेब मी बघतो, तिथे टॅली लागते. म्हणजे विंडोज काढायचा प्रश्नच नव्हता. ड्युअल बूटही, म्हणजे दोन्ही सिस्टिम शेजारी शेजारी टाकणंही, नको होतं. पार्टिशन हलवताना लॅपटॉप बसला तर जीएसटी रिटर्न कोण भरणार? म्हणून व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे विंडोजच्या आत दुसरा, आभासी कॉम्प्युटर चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, लिनक्स मिंट 22 ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकली, एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप असलेली. दिवाळीपासून वापरतोय.

लॅपटॉपला 8 जीबी रॅम आहे. त्यातली 4 जीबी आणि दोन कोअर मिंटला दिले. रॅमचा स्लायडर हिरव्या पट्ट्याबाहेर नेऊ नये, विंडोजचाच जीव गुदमरतो. टाकण्याआधी टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये व्हर्च्युअलायझेशन, म्हणजे प्रोसेसरची असं आभासी मशीन चालवायची सोय, चालू आहे ना ते बघा. बंद दिसलं तर बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) जाऊन इंटेलवर व्हीटी-एक्स, एएमडीवर एसव्हीएम चालू करायचं. पुढे इन्स्टॉलर विचारतो, अख्खी डिस्क पुसू का? इथे बरेच जण घाबरून मागे फिरतात. खुशाल हो म्हणा. त्याला दिसणारी डिस्क म्हणजे आपल्या ड्राइव्हवरची एक व्हीडीआय फाइल, त्यापलीकडचं त्याला काही दिसत नाही.

ही फाइल मात्र लबाड आहे. डायनॅमिक ठेवली तर सुरुवातीला छोटी असते, लागेल तशी वाढते. पण आतला पसारा डिलीट केला म्हणून आपोआप लहान होत नाही. मिंट किमान 20 जीबी मागतं, मी 40 ची मर्यादा ठेवली. स्नॅपशॉटही (मशीनची त्या क्षणाची जपून ठेवलेली स्थिती) जागा खातात, आणि ते बॅकअप नव्हेत. ड्राइव्ह गेला की तेही गेले. तरी मोठ्या अपडेटआधी मी एक घेतोच.

खालच्या पट्टीवर हिरवं कासव दिसलं तर समजा, विंडोजची स्वतःची व्हर्च्युअलायझेशन यंत्रणा, हायपर-व्ही, मध्ये आली आहे आणि वेग मंदावणार. मेमरी इंटिग्रिटी ही विंडोजची सुरक्षेची सोय बंद करून पाहा असा सल्ला मिळतो. मी केली नाही, बँकेचं काम याच लॅपटॉपवर चालतं. कासव चालेल.

गेस्ट ॲडिशन्स (व्हर्च्युअलबॉक्सचंच, मिंटच्या आत बसवायचं जोड-सॉफ्टवेअर) बसवल्याशिवाय मजा नाही. खिडकी ओढली की स्क्रीन त्या मापाची होते, कॉपी-पेस्ट दोन्हीकडे चालतं. शेअर्ड फोल्डर उघडेना तर आपला युजर व्हीबॉक्सएसएफ ग्रुपमध्ये घालून पुन्हा लॉगिन करा. माउस आत अडकला तर उजवा कंट्रोल.

रोजचं काम म्हणजे चलनांच्या सीएसव्ही फाइली जुळवणारी पायथन स्क्रिप्ट आणि थोडं टर्मिनल शिकणं. त्याला हे भरपूर झालं. मराठी इनस्क्रिप्टही आयबस या लिनक्समधल्या टायपिंगच्या सोयीतून नीट चालतं. सगळ्यात जास्त वापरलेली सोय म्हणाल तर सेव्ह स्टेट. आमच्या सिडकोत वीज गेली आणि बॅटरी उतरायला लागली की मिंट आहे तसं गोठवायचं. नंतर सगळं जागच्या जागी उघडतं. व्हिडिओ कॉल आणि गेमसाठी मात्र यात पडू नका.

भाच्याला पॉलिटेक्निकच्या प्रॅक्टिकलसाठी लिनक्स हवं होतं, तर हेच मशीन ओव्हीए फाइल करून, म्हणजे अख्खं एका फाइलीत बांधून, दिलं. त्याच्याकडे व्हर्च्युअलबॉक्स होतंच, इम्पोर्ट केलं की काम झालं. पासवर्ड तेवढा आधी बदला. आणि पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्या, कारण फॅट32 वर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही.