अपडेटनंतर टॉवेलचा लाल उतरला: फोटो एडिटिंगच्या एका सॉफ्टवेअरबद्दल स्टुडिओचालकाचे मत

सोलापूरच्या पूर्व भागात माझा छोटा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचे अल्बम आणि पासपोर्ट फोटो आम्ही करतोच, पण मुख्य काम टॉवेल आणि चादरींच्या कॅटलॉगचे आहे. आसपासच्या यंत्रमाग कारखान्यांत नवीन डिझाइन निघाले की त्याचे दोन-चार नग आमच्याकडे येतात. आम्ही त्यांचे फोटो काढतो, मागची बाजू कापून पांढरी करतो, रंग मालाशी जुळवतो आणि कारखानदार ते फोटो परगावच्या व्यापाऱ्यांना पाठवतात. व्यापारी माल हातात न घेता त्या फोटोवरच ऑर्डर देतो. त्यामुळे फोटोत जो लाल दिसला, तोच लाल गठ्ठ्यातून निघाला पाहिजे, ही आमच्या कामाची पहिली अट आहे.

हे काम आम्ही गेली आठ वर्षे एकाच सॉफ्टवेअरवर करत आलो आहोत. दरवर्षी वर्गणी भरतो आणि तिच्याबद्दल माझी कधी तक्रार नव्हती. सॉफ्टवेअरचे नाव येथे देत नाही. ते वापरणाऱ्यांना पुढचे वाचून ओळखू येईल, आणि दुसरे काही वापरणाऱ्यांनाही अपडेटचे बटण दाबण्याआधी यातले बरेच उपयोगी पडेल. डिसेंबरच्या सुरुवातीला त्याची नवी मोठी आवृत्ती आली. सकाळी संगणक सुरू केला तेव्हा ती आपोआप उतरून बसलेली होती, आणि पडद्यावर नव्या सोयींची ओळख करून देणारी एक सुंदर चौकट होती. जुन्या सवयींपैकी काय बदलले आहे, याबद्दल त्या चौकटीत एक शब्दही नव्हता.

चार दिवसांनी आमचे एक जुने कारखानदार, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, हातात मोबाइल आणि काखेत टॉवेल घेऊन स्टुडिओत आले. "हा टॉवेल आमचा नाही," ते फोन पुढे करून म्हणाले. "आमचा लाल दहा वेळा धुतला तरी असा पडत नाही." मी त्यांना खुर्ची दिली आणि तीच फाइल आमच्या मॉनिटरवर उघडली. तेथे रंग अगदी बरोबर होता. अण्णांनी टॉवेल खिडकीपाशी उजेडात धरला, मी मॉनिटर त्या बाजूला वळवला, आणि दोन्ही लाल एकमेकांशी जुळत होते. मग त्यांनी फोन टॉवेलवरच ठेवला. फोनमधला लाल मळकट, विटकरीकडे झुकलेला होता, आणि काठाच्या पट्टीतला मोरपंखी तर ओळखूही येत नव्हता. एकच फाइल दोन ठिकाणी दोन रंग दाखवत होती. अण्णांनी तोपर्यंत ते फोटो तीन व्यापाऱ्यांना पाठवले होते, आणि त्यांतल्या एकाने "जुना माल दिसतो" असे उत्तर दिले होते.

कारण शोधायला मला दोन रात्री लागल्या. ते नीट समजून घेण्यासारखे आहे, म्हणून सविस्तर लिहितो. चित्रातला प्रत्येक बिंदू लाल, हिरवा आणि निळा या तीन आकड्यांनी साठवलेला असतो, पण २५५ म्हणजे नेमका कोणता लाल, हे त्या आकड्यावरून कळत नाही. ते ठरते कलर प्रोफाइलवरून. मोबाइल, संकेतस्थळे आणि साधे मॉनिटर जे प्रोफाइल गृहीत धरतात ते एसआरजीबी, जे १९९६ मध्ये पुढे आले. छपाईच्या सोयीसाठी १९९८ मध्ये आलेले ॲडोबी आरजीबी त्याहून अधिक रंग सामावून घेते, आणि म्हणून तोच रंग त्यात वेगळ्या आकड्यांनी लिहावा लागतो. एसआरजीबीत २५५ असलेला शुद्ध लाल ॲडोबी आरजीबीत २१९ होतो. फाइलसोबत प्रोफाइल जोडलेले असेल तर समोरचा फोन हा हिशेब समजून घेतो आणि रंग बरोबर दाखवतो. प्रोफाइल जोडलेले नसेल तर फोन ते २१९ एसआरजीबीतलेच मानतो आणि लाल काळपट दिसतो. हिरवा आणि मोरपंखी तर त्याहून जास्त बिघडतात, कारण दोन्ही प्रोफाइलमधला मोठा फरक हिरव्याच्या बाजूलाच आहे.

आमच्या जुन्या आवृत्तीत काम एसआरजीबीत चालायचे आणि फाइल बाहेर काढताना प्रोफाइल जोडले जायचे. या दोन्ही गोष्टी मी आठ वर्षांपूर्वी एकदा ठरवल्या होत्या आणि विसरून गेलो होतो, कारण त्या विसरता याव्यात म्हणूनच ठरवल्या होत्या. नव्या आवृत्तीने कामाचे प्रोफाइल रुंद, म्हणजे ॲडोबी आरजीबी, केले आणि फाइल बाहेर काढण्याच्या चौकटीत "प्रोफाइल जोडा" समोरची खूण काढून टाकली. यातला एकच बदल झाला असता तर निभावले असते. दोन्ही एकदम झाल्याने पडद्यावर सगळे छान दिसत राहिले आणि चूक थेट व्यापाऱ्याच्या फोनवर उघडी पडली.

रंगाचे निस्तरले तोच चादरींच्या फोटोंत लाटा दिसू लागल्या. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे ते तिच्या जकार्ड, म्हणजे विणतानाच नक्षी उमटवणाऱ्या, विणकामामुळे, आणि फोटोत ते विणकामच दिसावे लागते: मोराच्या पिसाऱ्यातला एकेक टप्पा, धाग्याची जाडी, दोन रंगांच्या सीमेवरची बारीक पायरी. आमचा कॅमेरा ६००० बाय ४००० बिंदूंचा फोटो देतो आणि व्यापाऱ्यांना पाठवायला आम्ही तो हजार बिंदूंच्या रुंदीचा करतो. लहान करताना सॉफ्टवेअर शेजारच्या अनेक बिंदूंची सरासरी काढून एक नवा बिंदू बनवते. जुन्या आवृत्तीत ही पद्धत बायक्युबिक होती. नव्या आवृत्तीत मूळ निवड बदलून "जवळचा बिंदू" अशी झाली होती, म्हणजे आडव्या आणि उभ्या दोन्ही दिशांना दर सहा बिंदूंतला एक ठेवायचा आणि बाकीचे टाकून द्यायचे. आकाशाच्या किंवा चेहऱ्याच्या फोटोत हा फरक पटकन डोळ्यांत येत नाही. विणलेल्या कापडात मात्र धाग्यांची ठरावीक लय आणि निवडलेल्या बिंदूंची ठरावीक लय एकमेकींवर आदळतात, आणि मूळ कापडात नसलेले रुंद, वळणदार पट्टे उमटतात. मोराच्या पाठीवरून पाणी वाहत असल्यासारखे ते दिसत होते. माझ्या मदतनीस मुलाने आधी लेन्स पुसली, मग कॅमेरा बदलला, मग दिवे हलवले. "काका, चादरच खराब आली असेल," असेही तो म्हणाला, आणि मी ते थोडा वेळ खरे मानले, याचे मला आजही वाईट वाटते. विणकराच्या कामात खोट काढण्याआधी मी माझे हत्यार तपासायला हवे होते.

जानेवारीत श्री सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा असते आणि त्या दिवसांत शहरभर शुभेच्छांचे फ्लेक्स लागतात. आमच्याकडे दरवर्षीच्या ठरलेल्या फाइली आहेत, ज्यांत फक्त वर्ष आणि नावे बदलायची असतात. नव्या आवृत्तीत अशी फाइल उघडून वर्ष बदलले तेव्हा मजकुराची पूर्ण ओळ पुन्हा मांडली गेली, आणि "सिद्धेश्वर" या शब्दातली पहिली वेलांटी "स"च्या आधी न राहता त्याच्या उजवीकडे सरकून "द"वर जाऊन बसली. "द्ध" हे जोडाक्षर सुटून पाय मोडलेला "द" आणि सुटा "ध" असे दोन तुकडे झाले. संगणकात ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर साठवलेली असते आणि दाखवताना ती व्यंजनाच्या आधी आणून बसवण्याचे काम मजकूर मांडणारी यंत्रणा करते. आमच्या फाइलींत भारतीय लिप्यांची ही यंत्रणा निवडलेली होती, पण अपडेटने ती निवड मूळ रोमन मांडणीवर नेऊन ठेवली. गर्दीच्या दिवसांत फाइल तपासायला मीच कमी पडलो आणि सहा बाय चार फुटांचा एक फ्लेक्स तसाच छापून आला. तो लागला नाही. फ्लेक्स छापणाऱ्या दुकानातल्या ऑपरेटरने तो उलगडताच मला फोन केला आणि आम्ही रात्री नवा छापून घेतला. पैशांचे नुकसान फार नव्हते. पण ग्रामदैवताचे नाव आपल्या हातून असे मोडून निघावे, हे मनाला लागले, आणि देवनागरीत काम करणाऱ्या हजारो लोकांचा विचार नव्या आवृत्तीच्या चाचणीत कोणीच केला नसावा, याचा राग आला.

इतर बदल त्या मानाने लहान आहेत. पासपोर्ट फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा, म्हणजे इंचाला ३०० बिंदूंच्या हिशेबाने ४१३ बाय ५३१ बिंदूंचा असतो. नव्या आवृत्तीने बाहेर काढलेल्या फाइलीत ३०० च्या जागी ७२ लिहायला सुरुवात केली, त्यामुळे तोच फोटो प्रिंटरच्या लेखी साडेचौदा सेंटिमीटर रुंद झाला. हे पहिल्याच प्रिंटला कळले आणि दोन मिनिटांत सुधारले. एक पाऊल मागे जाण्याच्या कळा बदलल्या, त्यांची बोटांना आठवड्याभरात सवय झाली.

जे चांगले आहे तेही सांगितले पाहिजे. कडा कापण्याचे नवे साधन खरोखर उत्तम आहे. टेरी टॉवेलच्या कडेला उभे असलेले धाग्यांचे फंदे पूर्वी आम्हाला हाताने, वाढवून बघत, एका नगाला वीस-पंचवीस मिनिटे खर्चून कापावे लागायचे. आता पाच मिनिटांत काम होते आणि फंदे फंद्यांसारखेच दिसतात. मोठ्या फाइली लवकर उघडतात, अल्बमची पाने संगणक न अडखळता हलतात. ज्यांनी हे बनवले त्यांना कामाची जाण आहे यात शंका नाही, म्हणूनच बाकीचे जास्त खटकते.

सॉफ्टवेअरने कधीच बदलू नये, असे माझे म्हणणे नाही. गिंप या फोटो एडिटिंगच्या मोफत सॉफ्टवेअरने २०१२ मध्ये २.८ या आवृत्तीत "सेव्ह" आणि "एक्सपोर्ट" वेगळे केले, तेव्हा अनेकांना त्रास झाला, पण लेयर, म्हणजे एकावर एक रचलेले थर, असलेली मूळ फाइल चुकून सपाट होऊ नये हे त्यामागचे कारण समजण्यासारखे होते, आणि जुन्या पद्धतीने सेव्ह करायला जाणाऱ्याला सॉफ्टवेअर स्वतःच एक्सपोर्टचा रस्ता दाखवत असे. फोटोशॉपमध्ये २०१८ च्या ऑक्टोबरात आकार बदलतानाचे शिफ्ट कळीचे काम उलटे झाले. पुढे २०१९ मध्ये जुनी पद्धत परत आणण्याची खूण सेटिंगमध्येच देण्यात आली. हे दोन्ही बदल हात लावताच समजणारे होते. आमच्या सॉफ्टवेअरमधले बदल हाताला जाणवत नाहीत, पडद्यावर दिसत नाहीत आणि माल बाहेर गेल्यावर कळतात. रंगाचे प्रोफाइल, लहान करण्याची पद्धत आणि लिपीची मांडणी या तीन गोष्टी वापरणाऱ्याने एकदा ठरवल्या असतील, तर कोणत्याही अपडेटने त्यांना विचारल्याशिवाय हात लावता कामा नये, आणि मूळ निवड बदलायचीच असेल तर ती नव्याने घेणाऱ्यांसाठी बदलावी.

मी कंपनीच्या मदत केंद्राला टॉवेलचे दोन्ही फोटो आणि फ्लेक्सचा फोटो जोडून पत्र पाठवले. तिसऱ्या दिवशी उत्तर आले, त्यात सर्व सेटिंग मूळ स्थितीला आणण्याचा सल्ला होता. मूळ स्थिती हीच अडचण आहे, हे मी पुन्हा कळवले, त्यावर अजून काही आलेले नाही. पुढे मलाच सापडले की आमच्या जुन्या सेटिंगची फाइल संगणकावर जुन्या आवृत्तीच्या फोल्डरमध्ये सुरक्षित होती. नव्या आवृत्तीने स्वतःचे नवे फोल्डर तयार केले आणि जुन्याकडे पाहिलेच नाही. ती फाइल तशीच उचलून नव्या फोल्डरमध्ये टाकून चालत नाही, सगळे हाताने पुन्हा लावावे लागते.

सध्या आम्ही जुनी आवृत्ती दुसऱ्या संगणकावर पुन्हा बसवली आहे आणि तिचे आपोआप अपडेट बंद केले आहे. कडा कापणे नव्यात, रंग जुळवणे, आकार लहान करणे आणि मराठी मजकूर जुन्यात, अशी कामाची विभागणी आहे. शिवाय एक तपासणीची फाइल तयार केली आहे: अण्णांच्या लाल टॉवेलचा फोटो, मोराच्या चादरीचा एक तुकडा आणि खाली "श्री सिद्धेश्वर" ही अक्षरे. कोणतेही अपडेट आले की ही फाइल उघडून, बाहेर काढून, फोनवर पाहायची आणि प्रत्यक्ष टॉवेल शेजारी धरायचा. त्याशिवाय गिऱ्हाइकाचे काम उघडायचे नाही. त्यासाठी अण्णांनी तो टॉवेल स्टुडिओतच ठेवून दिला आहे.

पाच गुणांपैकी मी या आवृत्तीला दोन देतो, आणि ते दोन्ही कडा कापण्याच्या साधनाचे आहेत. ज्यांचे काम फक्त चेहऱ्यांचे आणि निसर्गदृश्यांचे आहे त्यांना ती कदाचित आवडेल. कापड, छपाई किंवा मराठी मजकूर यांपैकी काहीही करणाऱ्यांनी तूर्त जुन्या आवृत्तीवरच राहावे. आमची वर्गणी संपायला चार महिने आहेत. तोवर मदतनीस मुलगा मोफत मिळणाऱ्या गिंपच्या ३.० आवृत्तीवर रोज एक चादर करून पाहतो आहे. कडा कापायला त्याला अजून वेळ लागतो, पण "सिद्धेश्वर" त्यात पहिल्याच दिवशी नीट उमटले.