नव्या खोक्यातला जुना ड्राइव्ह शाफ्ट

रत्नागिरीतल्या आमच्या घरी २००८ सालची मारुती ८०० आहे. वडिलांनी ती नवी घेतली होती. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर, २०२३ मध्ये, मी तिच्या नोंदणीचे पाच वर्षांसाठी नूतनीकरण करून घेतले आणि आजही आईला दवाखान्यात नेण्यापासून गावच्या देवळापर्यंत सगळीकडे आम्ही तीच वापरतो. २०२४ च्या पावसाळ्यानंतर या गाडीच्या ड्राइव्ह शाफ्टच्या, म्हणजे गिअरबॉक्सची गती चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याच्या, दुरुस्तीत माझी फसवणूक झाली. घरी दुरुस्ती करणाऱ्या माणसाला नेमके कोणत्या क्षणी गाठले जाते हे मला तेव्हा ठाऊक असते, तर मी त्या दुकानातून रिकाम्या हाताने परतलो असतो, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

दोष साधा होता. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे घेतली की डाव्या चाकाकडून टक-टक असा आवाज येई. खाली वाकून पाहिले तेव्हा शाफ्टच्या चाकाकडच्या टोकाच्या सांध्याचा, म्हणजे सीव्ही जॉइंटचा, रबरी बूट (आवरण) फाटलेला होता आणि आतले ग्रीस उडून आतल्या बाजूने टायरवर पसरले होते. या जॉइंटमध्ये सहा पोलादी गोळ्या आपापल्या खाचांतून फिरतात, म्हणून चाक वळलेले असतानाही त्याला गिअरबॉक्सची गती अखंड मिळते. बूट फाटला की ग्रीस बाहेर पडते, धूळपाणी आत शिरते आणि त्या खाचा झिजू लागतात. आवाज सुरू झाला म्हणजे बूट बदलून भागण्याची वेळ टळलेली असते.

काम घरीच करायचे ठरवले, पण समुद्राच्या खाऱ्या हवेत सोळा वर्षे काढलेल्या गाडीचा शाफ्ट सहजासहजी निघत नाही. पहिला रविवार हबचा, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या भागाचा, नट सोडवण्यात गेला. आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारून ठेवले होते आणि गाडी चाकांवरच उभी होती. भाच्याने ब्रेक दाबून धरला, मी पान्याला चार फुटी पाइप लावला, तेव्हा कुठे नट हलला. पुढच्या रविवारी गाडी घोड्यांवर (लोखंडी टेकूंवर) घेतली, तर शाफ्टचे दाते हबमध्ये गंजून एकजीव झालेले. आटे चेपू नयेत म्हणून नट शाफ्टच्या टोकाशी बरोबर जुळवून, मध्ये लाकडाचा ठोकळा धरून हातोडा चालवला, पण काही उपयोग झाला नाही. शेवटी तिसऱ्या रविवारी एका स्नेह्याकडचा हब पुलर, म्हणजे शाफ्ट हबमधून सोडवण्याचे हत्यार, आणला, चाकाखालचा सांधा (बॉल जॉइंट) सोडवला आणि शाफ्ट बाहेर आला. त्याबरोबर गिअरबॉक्सचे तेलही खाली परातीत आले, म्हणजे नवा शाफ्ट बसेपर्यंत गाडी जागची हलवता येणार नव्हती.

जुना शाफ्ट पिशवीत घालून मी एसटीने घाटावरच्या एका मोठ्या शहरातल्या सुट्या भागांच्या बाजारात गेलो. तिथल्या दुकानदाराने शाफ्ट हातात फिरवून पाहिला आणि गाडी कुठे उभी आहे, कधीपासून उभी आहे, काम कोण करते आहे, हे सगळे आपुलकीने विचारले. मीही सगळे सांगितले. आज मागे वळून पाहताना वाटते की व्यवहार तिथेच त्याच्या बाजूने झुकला, कारण गाडी घोड्यांवर आहे, गिऱ्हाईक बाहेरगावचे आहे आणि त्याला संध्याकाळची गाडी गाठायची आहे, हे त्याला न मागता कळले होते. मला फक्त चाकाकडचा जॉइंट हवा होता. तो या गाडीसाठी वेगळा मिळतो, पण 'वेगळा येत नाही, अख्खा शाफ्टच घ्यावा लागेल' असे त्याने ठामपणे सांगितले आणि मी विश्वास ठेवला.

खोका कंपनीच्या नावाचा होता. छापील किमतीच्या जागी एक चिठ्ठी चिकटवलेली होती आणि तिच्यावर ३,९०० रुपये लिहिले होते. जुना शाफ्ट दिला तर ३,१०० रुपयांत देतो, मात्र पक्के बिल हवे असेल तर २८ टक्के कर वर लागेल, असे तो म्हणाला. सुट्या भागांवर त्या काळी जीएसटीचा दर खरोखरच २८ टक्के होता (२२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झाला), त्यामुळे मला त्याचे बोलणे खरे वाटले. वास्तविक छापील किंमत ही सर्व करांसह असते, तिच्यावर वेगळा कर लावताच येत नाही. मी कच्ची चिठ्ठी घेतली, फोनवरून पैसे भरले आणि जुना शाफ्ट त्याच्या स्वाधीन केला. पैसे दुकानाच्या नावावर न जाता कुणा व्यक्तीच्या खात्यात गेले, हे मी घरी आल्यावर पाहिले.

शाफ्ट व्यवस्थित बसला. दात्यांना ग्रीस लावले, गिअरबॉक्सचे ऑइल सील नवे टाकले, नट टॉर्क पान्याने मॅन्युअलप्रमाणे आवळला. जेमतेम अकराशे किलोमीटरनंतर आंबा घाटातल्या एका तीव्र वळणावर तोच आवाज पुन्हा आला. मागच्या सीटवर आई होती. जॉइंट चालताना तुटला तर चाकाला जाणारी शक्ती तत्क्षणी थांबते आणि चढावर गाडी मागे येऊ लागते, हे मला माहीत असल्यामुळे उरलेला घाट मी कसा चढलो ते सांगता येणार नाही.

घरी येऊन शाफ्ट पुन्हा काढला आणि बुटाचा पट्टा कापून आत पाहिले. बूट नवा होता, बाकी काहीच नवे नव्हते. अशा जॉइंटमध्ये काळे मॉलिब्डेनमयुक्त ग्रीस असते, इथे साधे तपकिरी ग्रीस भरले होते. गोळ्या पुसून खाचा उजेडात धरल्या तेव्हा सारा प्रकार उलगडला. गाडी बहुतेक वेळ पुढेच धावते, म्हणून प्रत्येक खाचेची एकच भिंत जास्त झिजते आणि समोरची जवळजवळ जशीच्या तशी राहते. या जॉइंटमध्ये दोन्ही भिंतींवर बोट अडकेल असे खळगे होते. याचा अर्थ तो एका बाजूच्या चाकावर झिजल्यावर काढून दुसऱ्या बाजूच्या शाफ्टवर चढवला होता, जेणेकरून न झिजलेल्या भिंतीवर तो काही काळ बिनआवाज चालावा. बाहेरच्या काळ्या रंगाखाली गंजाचे खड्डे होते, टोकाच्या आट्यांवर पूर्वी बसलेल्या नटाच्या खुणा होत्या आणि भाग क्रमांक असायला हवा तिथे घासल्याचे ओरखडे होते. यातले निम्मे तरी मला दुकानातच दिसले असते. रंगावर नखाने खरवडायला आणि आट्यांवरून बोट फिरवायला एक मिनिटही लागत नाही, पण खोका पाहिल्यावर मी वस्तू पाहिलीच नाही.

मी पुन्हा त्या दुकानात गेलो. दुकानदाराने शाफ्ट हातातही घेतला नाही. 'घरी बसवलात ना? ठोकाठोक केली असणार. गॅरेजमध्ये बसवला असता तर बघितलं असतं,' एवढेच तो सर्वांसमोर म्हणाला. तीन रविवार ज्या काळजीने मी काम केले, तीच माझ्या विरुद्धचा पुरावा म्हणून वापरली गेली, याचा मला पैशांपेक्षा जास्त त्रास झाला. माझा स्वतःचा जुना शाफ्ट परत मागितला, तर तो 'भंगारात गेला' असे उत्तर मिळाले. तो भंगारात गेला नसावा, अशी माझी खात्री आहे. त्याच्यावरही रंग चढला असेल, नवा बूट बसला असेल आणि तो कुणाच्या तरी गाडीखाली फिरत असेल.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मी तक्रार नोंदवली. बिल न देणे हाच २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी व्यवहार आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी जिल्हा ग्राहक आयोगात शुल्कही लागत नाही. तरीही माझ्या हातात होती एक बिनशिक्क्याची चिठ्ठी आणि एका अनोळखी व्यक्तीला पैसे दिल्याची नोंद. वस्तू त्याच दुकानातून घेतली, हे दाखवणारा एकही कागद नव्हता आणि तक्रार तिथेच अडली.

नंतर चाकाकडचा जॉइंट मी रत्नागिरीतच पक्क्या बिलावर, क्रमांक जुळवून आणि बूट मागे सारून खाचा तपासून घेतला. तो शाफ्टसकट मागवावा लागला नाही. इथल्या दुकानदाराने जुना जॉइंट बदल्यात मागितला, तेव्हा मी नकार दिला. दोन्ही भिंती झिजलेला तो जॉइंट मी कापून उघडा केला आहे आणि तो आमच्या पडवीत खिळ्याला टांगलेला आहे. गावातले कुणी सुटे भाग आणायला घाटावर निघाले की मी त्यांना आधी तो हातात देतो आणि खाचेतून बोट फिरवून पाहायला सांगतो.