नसबंदीचं इंजेक्शन : फ्रॉइंड की अॅडजुव्हॅक?

ऐरोलीत रात्री भटक्या कुत्र्यांना खाऊ घालणारी मंडळी हमखास विचारतात, "डॉक्टर, ऑपरेशनऐवजी एखादं इंजेक्शन नाही का हो?" परदेशात आहे. पण सगळी मेख अॅडज्युव्हंटमध्ये, म्हणजे प्रतिकारशक्तीला डिवचणाऱ्या द्रव्यात.

जीएनआरएच हे प्रजननाची सूत्रं हलवणारं हार्मोन; त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार झाल्या की प्रजनन थांबतं. पण ते अवघ्या 10 अमिनो आम्लांचं, वर शरीराचं स्वतःचंच. नुसतं टोचलं तर शरीर त्याला हिंग लावून विचारत नाही. म्हणून ते परक्या प्रथिनाला जोडतात आणि सोबत अॅडज्युव्हंट देतात.

जुना पर्याय फ्रॉइंड या शास्त्रज्ञाच्या अॅडज्युव्हंटचा : मारलेले क्षयाचे जंतू खनिज तेलात मिसळलेले. अँटिबॉडी भरपूर तयार होतात, पण टोचल्या जागी गाठ, गळू, कधी उघडी जखम. शिवाय जनावराची क्षयाची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. गोठ्यात तर हा मोठाच घोळ.

नवा पर्याय अॅडजुव्हॅक नावाच्या अॅडज्युव्हंटचा. त्यातही तेल आहेच. जंतू मात्र मायकोबॅक्टेरियम एव्हियम, मारलेले आणि थोडेच. गुरांच्या जोन्स रोगाच्या लसीवरून ते बेतलंय. गोनाकॉन या जीएनआरएचविरोधी लसीत हेच वापरतात. अमेरिकेत तिला 2009 मध्ये पांढऱ्या शेपटीच्या हरणांसाठी आणि 2013 मध्ये रानघोड्यांसाठी मंजुरी मिळाली. तरी कुत्र्यांत गळू झाल्याच्या नोंदी आहेतच.

दोन्हींत मी अॅडजुव्हॅकच निवडेन. गल्लीतलं कुत्रं जखम तपासायला पुन्हा हाती लागतंय थोडंच! तूर्त आपल्याकडे शस्त्रक्रिया, रेबीजची लस, कानाला खूण आणि सहसा उचललं त्याच जागी परत सोडणं.