ऐकू कमी येतंय: तसंच रेटायचं की मशीन लावायचं?

कर्नाटकातल्या खानापूरच्या बाजारात भाजीवाली ‘साठ’ म्हणते, आजोबा ‘सात’ ऐकतात. वयोमानाने आधी स, श, ठ, फ असे बारीक आवाज जातात, स्वर राहतात. म्हणून ‘ऐकू येतं, पण कळत नाही’.

तसंच रेटलं तर मेंदू दिवसभर तुटके शब्द जुळवत बसतो आणि लक्षात ठेवायला ताकद उरत नाही. थकवा येतो, मग भजन सुटतं, कट्टा सुटतो, मागोमाग एकटेपणा आणि उदासी. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या 2024 च्या आयोगाने डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) बदलता येण्याजोग्या 14 धोक्यांत बहिरेपणा धरला आहे.

गेलेली स्मरणशक्ती मशीनने परत येत नाही. 2023 च्या ‘अचीव्ह’ या कानाच्या मशीनच्या चाचणीत 70 ते 84 वयाच्या 977 जणांत स्मरण-विचारशक्तीच्या घसरणीत एकूण फरक दिसला नाही. ज्यांना या घसरणीचा धोका जास्त, त्यांच्यात मात्र मशीनमुळे तीन वर्षांतली घसरण 48 टक्क्यांनी कमी होती. आमचा कौल मशीनलाच.

आधी कानातला मळ तपासून घ्या, मग ऑडिओमेट्री, म्हणजे किती ऐकू येतं याची तपासणी. शब्दांची चाचणी मराठीतच मागा. कानडी यादी दिली तर न येणारा शब्दही ‘न ऐकलेला’ धरला जातो. पहिला आठवडा शांत घरात 2-3 तास लावा, मग वाढवा. मशीनच्या सेलचं स्टिकर काढल्यावर मिनिटभर थांबून सेल घाला. तो हवेवर चालतो. पावसाळ्यात रात्री मशीन ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत ठेवा, नाहीतर ओलीने रिसीव्हर (आतला छोटा स्पीकर) बंद पडतो.

एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर मशीन नको, थांबणंही नको: त्याच दिवशी कान-नाक-घसा डॉक्टर.