आठवीतल्या मुलासाठी बटणांचा फोन: वापरानंतरचे परीक्षण

गेल्या एप्रिलमध्ये नवे शैक्षणिक वर्ष सुरू झाले, तेव्हा आठवीत गेलेल्या मुलासाठी आम्ही बटणांचा साधा फोन घेतला. फोनचे परीक्षण म्हटले की कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, प्रोसेसर कोणता, अशी चर्चा अपेक्षित असते. या फोनमध्ये काय नाही हेच त्याचे मुख्य वैशिष्ट्य असल्यामुळे, परीक्षणाचा बराचसा भाग त्या नसलेल्या गोष्टींविषयी होणार आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण दोन हजारांच्या आत मिळणारे हे फोन सख्खी भावंडे शोभावीत इतके सारखे असतात.

गरज साधी होती. गोव्यातल्या म्हार्दोळहून संध्याकाळी फोंड्याला शिकवणी आणि तबल्याचा क्लास. परतीची बस चुकली किंवा सरांनी वर्ग लांबवला, तर घरी कळवण्याचे साधन मुलाजवळ असावे, एवढेच. सासऱ्यांचा जुना स्मार्टफोन कपाटात पडून होता आणि ‘तोच दे गो त्याला, उगाच खर्च कशाला,’ असे त्यांनी सुचवलेही. तो न देण्याचे कारण माझ्या नोकरीत आहे. मी हायस्कूलमध्ये मराठी शिकवते.

पहिल्या तासाला पेंगणारी मुले पूर्वीही होती. चवथीच्या आणि जत्रांच्या दिवसांत तर अख्खा वर्ग जांभया द्यायचा. आता त्याला दिवस-वार राहिलेला नाही, आणि विचारले तर ‘टीचर, रील्स बघत होतो,’ असे सांगताना कोणाला संकोचही वाटत नाही. उताऱ्यावरचे प्रश्न सोडवताना बरीच मुले उतारा वाचतच नाहीत. प्रश्नातला एखादा शब्द उताऱ्यात शोधतात आणि तो जिथे सापडेल ती ओळ उतरवून काढतात. याचा सगळा दोष फोनला देणे अन्यायाचे होईल, कारण घरात वर्तमानपत्र येणे बंद झाले तेही याच काळात. परंतु दीड पान सलग वाचायला लागणारी बैठक मोडली आहे, हे वह्या तपासणाऱ्या कोणाच्याही लक्षात येईल.

एका लोकप्रिय अॅपवर दोघांनी एकमेकांना रोज फोटो पाठवला की साखळीचे दिवस मोजले जातात आणि २४ तासांत फोटो गेला नाही की आकडा शून्यावर येतो. ही साखळी तुटू नये म्हणून परीक्षेच्या दिवसांत स्वतःचा पासवर्ड मावसबहिणीकडे सोपवून ठेवणारी विद्यार्थिनी मी पाहिली आहे. फोटो कशाचे, तर छताच्या पंख्याचे, भिंतीचे, कधी नुसत्या काळोखाचे. मैत्रीला हजेरीपट लावण्याची ही कल्पना ज्या कोणाला सुचली, त्याला मुलांचे मन नेमके कळले असले पाहिजे, आणि तीच खरी काळजीची बाब आहे.

मुले बिघडली आहेत असे मी मानत नाही. त्यांच्या हातात दिलेली वस्तू मुळात थांबू नये अशीच घडवलेली आहे. कितीही सरकवले तरी न संपणाऱ्या पानाची रचना संगणकीय रचनाकार एझा रास्किन यांनी २००६ मध्ये केली आणि पुढे त्यांनी स्वतःच त्याबद्दल जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला. पुस्तकाचे प्रकरण संपते, दूरदर्शनवरचा कार्यक्रम संपतो, आणि त्या संपण्यात ‘आता पुरे’ असे म्हणण्याची संधी असते. न संपणाऱ्या पानाने ती संधीच काढून घेतली. पुढचा व्हिडिओ रटाळ निघेल की मजेदार हे आधी कळत नसल्यामुळे बोट पुन्हा पुन्हा वर जात राहते. प्रौढांनाही हे आवरत नाही, तर तेरा वर्षांच्या मुलाकडून कोणत्या संयमाची अपेक्षा करायची?

गोव्यात स्मार्टफोन मुलांच्या हातात आला तो अभ्यासाच्या नावाखाली. २०२० मध्ये शाळा बंद पडल्या, वर्ग मोबाइलवर भरू लागले, आणि सत्तरी-सांगेतल्या मुलांना नेटवर्कसाठी डोंगर चढावे लागले. त्याच वर्षी २९ जून रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ अॅपवर बंदी घातली आणि जुलैमध्ये इन्स्टाग्रामने भारतात रील्स सुरू केले. मुले घरात, फोन हातात आणि करमणुकीची रिकामी झालेली जागा भरायला नवे दालन तयार, असा तो योग जुळून आला. शाळा पुन्हा भरल्या, पण फोन परत घेण्याचे धाडस फारसे कोणी केले नाही. त्या आधी याच राज्यात पाचवी-सहावीच्या मुलांना सरकारनेच टॅब्लेट वाटले होते, हेही येथे आठवते.

दिसण्याविषयीच्या न्यूनगंडाबद्दल मी अंदाजाने लिहिण्याची गरज नाही. फेसबुकच्या माजी कर्मचारी फ्रान्सेस हॉगन यांनी २०२१ मध्ये फेसबुकची अंतर्गत कागदपत्रे उघड केली, त्यांत कंपनीच्याच संशोधनातले एक वाक्य होते: दर तीन किशोरवयीन मुलींपैकी एकीच्या बाबतीत शरीराविषयीचे प्रश्न आपल्यामुळे आणखी बिघडतात. आरोप बाहेरच्या टीकाकारांचा नव्हता, घरच्याच माणसांचा होता.

आता प्रत्यक्ष खरेदीविषयी. ज्यांना असा फोन घ्यायचा आहे त्यांनी हा भाग लक्षपूर्वक वाचावा, कारण ‘साधा फोन’ या नावाखाली आज दोन वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात. फोंड्याच्या वरच्या बाजारातल्या दुकानात दुकानदाराने आधी पुढे केला तो फोरजीचा बटणफोन. दिसायला अगदी जुन्या पद्धतीचा, पण मेनू उघडल्यावर तिसऱ्या ओळीत छोट्या व्हिडिओंचे चिन्ह होते, आणि मधले बटण खाली दाबले की एकामागून एक व्हिडिओ सरकत होते. पडदा आगपेटीएवढा असला तरी खोड तीच. ‘बाय, भुरग्यांना हाच आवडतो,’ असे सांगून त्याने आमची निवड सोपी केली. आम्ही दुसरा, असे व्हिडिओ न चालणारा टूजीचा घेतला.

टूजी घेताना एक अडचण ध्यानात ठेवावी लागते: जिओचे टूजी जाळेच नसल्यामुळे ते सिम या फोनमध्ये चालत नाही, दुसऱ्या कंपनीचे घ्यावे लागते. रिचार्जचा प्रश्न मात्र आता सुटला आहे. इंटरनेट नको असणाऱ्या ग्राहकांसाठी केवळ कॉल आणि एसएमएस यांचे वेगळे पॅक ठेवावेत, असे दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना बंधनकारक केले आणि लगेचच्या जानेवारीत ते पॅक बाजारात आले. दुकानात ते आपणहून कोणी सुचवत नाही, नाव घेऊन मागावे लागतात.

वापरात फोन दणकट आहे. बॅटरी शनिवारी भरली की आठवड्याच्या मध्यापर्यंत विचारावे लागत नाही, आणि पावसाळ्यात वीज गेल्यावर त्याच्या टॉर्चचा उपयोग मुलापेक्षा सासूबाईंनीच अधिक केला. रिंगचा आवाज कर्कश आहे, पण खासगी बसमध्ये कंडक्टर लावतो त्या गाण्यांवर मात करायची तर तो तसाच हवा. आकाशवाणी पणजी केंद्र छान लागते. त्यासाठी इयरफोनची वायर अँटेना म्हणून जोडावी लागते. पाच किंवा नऊचे बटण दाबून धरले की ११२ या आपत्कालीन क्रमांकावर कॉल जाण्याची सोय बटणफोनवर २०१७ पासून सक्तीची आहे. मुलाला ती शिकवून ठेवावी. आम्ही बटण दाबण्याची जागा दाखवली, प्रत्यक्ष कॉल मात्र लावला नाही.

देवनागरी टंकलेखन हा या फोनचा कच्चा दुवा. अक्षरांची मांडणी हिंदीसाठी केलेली असल्याने ‘ळ’ पर्यंत पोहोचायला इतक्या वेळा बटण दाबावे लागते, की चिरंजीवांनी तो वर्ण सोडूनच दिला आहे. ‘बस मिलाली, येतो,’ असा संदेश मराठीच्या शिक्षिकेला रोज वाचावा लागतो. त्याहून गंभीर दोष म्हणजे आधीच भरून ठेवलेले खेळ. ते काही मिनिटे फुकट चालतात आणि पुढचा टप्पा उघडण्यासाठी होकार दिला की फोन परस्पर सशुल्क एसएमएस पाठवतो. शिल्लक कशी कमी झाली हे आम्हाला तसेच कळले. मुलांसाठी म्हणून घेतल्या जाणाऱ्या वस्तूत अशी पाकीटमारी असणे निंद्य आहे, आणि त्यासाठी मी या फोनचे गुण सरळ कापते.

फोनचा सर्वांत मोठा तोटा फोनमध्ये नाही, आजूबाजूला आहे. वर्गातल्या मुलांचा व्हॉट्सअॅप गट आहे आणि रविवारच्या फुटबॉलची वेळ, मैदान, कोणी बॉल आणायचा, हे सगळे तिथेच ठरते. सुरुवातीला आमचा मुलगा मैदानावर गेला तेव्हा सामना दुसऱ्याच गावात हलवला गेला होता. तो काही बोलला नाही, पण त्या रात्री जेवला नीट नाही. पुढे शेजारच्या वाड्यावरचा एक मित्र कॉल करून सांगू लागला आणि गाडी रुळावर आली. तरीही गटातल्या विनोदांवर सगळे हसतात तेव्हा याला संदर्भ नसतो. ही किंमत खरी आहे आणि ती आई-वडिलांना नव्हे, मुलाला मोजावी लागते. शाळाही यात मागे नाहीत. वर्गात फोन आणायला मनाई करायची आणि गृहपाठ मात्र व्हॉट्सअॅपवर टाकायचा, ही विसंगती मी कर्मचाऱ्यांच्या बैठकीत मांडली आहे. सध्या गृहपाठ माझ्या फोनवर येतो, आणि तो बघायला म्हणून माझा फोन कधी, किती वेळ गेला यावर लक्ष ठेवणे हे घरातले नवे काम झाले आहे.

एकट्या घराने हे जमत नाही म्हणूनच सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाचे मला कौतुक वाटते. तिथे २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजला की साडेआठपर्यंत अख्ख्या गावाने टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवायचे, असे ग्रामसभेने ठरवले. सगळ्यांचेच बंद असले की कोणी एकटे पडत नाही.

कायद्याची वाट पाहायची का, असे सहकारी विचारतात. ऑस्ट्रेलियाने १६ वर्षांखालील मुलांच्या समाजमाध्यम खात्यांवर १० डिसेंबर २०२५ पासून बंदी लागू केली आणि आपल्या राज्याच्या माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांनीही तशा बंदीचा विचार असल्याचे जानेवारी २०२६ मध्ये सांगितले. केंद्राच्या २०२३ च्या विदा (डेटा) संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्तीला बालक मानून पालकांच्या पडताळलेल्या संमतीची अट घातली आहे, पण तिच्या पूर्ण अंमलबजावणीसाठी कंपन्यांना नोव्हेंबर २०२५ पासून १८ महिन्यांची मुदत मिळाली आहे. बहुतेक माध्यमांची स्वतःची १३ वर्षांची अट तर आधीपासून आहेच. जन्मवर्ष बदलून ती ओलांडणे सहावीतल्या मुलालाही जमते. कायदा प्रत्यक्षात येईपर्यंत आठवीचे वर्ष संपलेले असेल.

हा फोन सहावी ते नववीच्या मुलांसाठी मी निःसंकोच सुचवीन, विशेषतः जी मुले एकटी बसने ये-जा करतात त्यांच्यासाठी. अकरावीला तो पुरणार नाही. कॉलेजचे प्रवेश, नोट्स, पैशांचे व्यवहार यांसाठी स्मार्टफोन लागेल, आणि तेव्हा तो रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला लावायचा असे आमच्या घरात आताच ठरले आहे. ज्यांच्या मुलांना स्मार्टफोनची सवय आधीच लागली आहे, त्यांनी तो एकदम काढून हा हातात ठेवू नये. मूल चोरून दुसऱ्याचा फोन वापरू लागते आणि तिथे काही वाईट घडले तर ते घरी सांगत नाही. फोटोंवरून धमकावण्याचे प्रकार घडतात तेव्हा सायबर गुन्ह्यांसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर तक्रार करता येते, पण त्यासाठी मुलाने आधी आपल्याकडे येऊन बोलावे लागते.

पाचपैकी साडेतीन गुण. अर्धा ‘ळ’साठी कापला, एक त्या खेळांसाठी. विकत घेताना पैसे देण्यापूर्वी मेनूतली प्रत्येक ओळ स्वतः उघडून पाहावी, खेळ काढून टाकता येतात का हे दुकानदाराला विचारावे, आणि येत नसतील तर ‘सेटिंग’मध्ये सांकेतिक क्रमांक लावून ते कुलूपबंद करून घ्यावेत. आमच्या फोनवर हे दुकानातच दोन मिनिटांत झाले असते.