पाण्याखालची मारामारी: शस्त्रांचं जमलंय, श्वासाचं फसलंय

मी विहिरीत पोहायला शिकलो, पाठीला डबा बांधून. त्यामुळे डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर फाशांनी खेळायच्या काल्पनिक साहसांच्या खेळाच्या २०१४च्या नियमपुस्तकाने, म्हणजे प्लेअर्स हँडबुकने, पाण्याखालची लढाई तीन-चार परिच्छेदांत उरकलेली पाहून आधी हसूच आलं. गेले तीन रविवार आमच्या टेबलावर एक बुडालेलं देऊळ चालू आहे. मी डीएम, म्हणजे खेळ चालवणारा; खेळाडू चार.

शस्त्रांचा नियम झकास आहे. ज्याला स्विम स्पीड (पोहण्याचा खास वेग) नाही त्याने खंजीर, भाला, जॅव्हलिन, त्रिशूळ किंवा शॉर्टसोर्ड सोडून दुसरं काही चालवलं की डिसॲडव्हांटेज, म्हणजे फासा दोनदा टाकून लहान आकडा धरायचा. आमचा फायटर (लढवय्या) कित्येक सेशन्स आपल्या लाँगसोर्डचं कौतुक ऐकवत होता. पाण्यात पहिले दोन वार हुकले, तसा गपचूप कॅरेक्टर शीटच्या कोपऱ्यात खंजीर शोधायला लागला. धनुष्याचीही तीच गत, क्रॉसबो मात्र नॉर्मल रेंजमध्ये नीट चालतो. आगीचं डॅमेज निम्मं. त्यात समोर सहुआगिन (माशांसारखे समुद्री राक्षस) असले तर विचारूच नका: तुम्हाला नुसता ओरखडा आलेला असला तरी त्यांचे वार ॲडव्हांटेजने, म्हणजे दोन फाशांतला मोठा आकडा त्यांचा.

श्वासाचं मात्र हसं झालंय. १ अधिक कॉन्स्टिट्यूशन मॉडिफायर (पात्राच्या काटकपणावरून मिळणारा आकडा), इतकी मिनिटं दम धरता येतो. फायटरचं +२, म्हणजे ३ मिनिटं. राउंड (सगळ्यांची एकेक पाळी) ६ सेकंदांचा, म्हणजे झाले ३० राउंड! आमची लढाई पाचव्या राउंडला आटपते. बुडायची भीती वाटणार कुणाला? आम्ही विहिरीच्या तळाची माती आणायची पैज लावायचो, तेव्हा अर्ध्या मिनिटात कानात दडे बसायचे. आणि हा गडी ६५ पौंडांचं प्लेट आर्मर घालून खुशाल पोहतोय. वेग निम्मा होतो, पण तो चिलखत नसलेल्याचाही तितकाच होतो.

वर पाचव्या लेव्हलपासून विझर्डला (जादूगाराला) वॉटर ब्रीदिंग हा पाण्यात श्वास घेऊ देणारा मंत्र मिळू शकतो. १० जण, २४ तास, आणि रिच्युअल म्हणून (सावकाश विधी करून) केला तर स्लॉटही, म्हणजे मंत्रांच्या मोजक्या कोट्यातला एकही, जात नाही. विषयच संपला.

विझर्ड माझी धाकटी बहीण. "दादा, तोंड उघडलं की पाणी जाणार, मग मंत्र म्हणू कशी?" यावर पुस्तक गप्प. खेळ दहा मिनिटं अडला. शेवटी मी घरचा नियम काढला: दम कॉन्स्टिट्यूशनच्या मूळ आकड्याच्या निम्मे राउंड टिकतो, लागलेल्या प्रत्येक वारामागे एक राउंड वजा, म्हटलेल्या प्रत्येक मंत्रामागे एक. वॉटर ब्रीदिंग या देवळात चालत नाही असंही जाहीर केलं. बहीण अजून नीट बोलत नाहीये, पण पुढच्या लढाईत चौघंही खुर्चीच्या कडेवर आले होते.

२०२४च्या हँडबुकात शस्त्रांची यादी गेली. पिअर्सिंग डॅमेजचं कुठलंही जवळचं शस्त्र चालतं, पण क्रॉसबोची सवलतही गेली. लक्षात ठेवायला सोपं, पण मला जुनंच आवडतं. दमाची मिनिटं तिथेही तेवढीच.

कोण पाण्यात किती खोल आहे ते टेबलावर कसं दाखवायचं, हे ज्याचं त्याने बघायचं. आम्ही आधी मिनिएचरशेजारी (पात्राच्या छोट्या पुतळीशेजारी) सहाचा फासा ठेवायचो, एक ठिपका म्हणजे १० फूट. मग कुणीतरी तोच उचलून डॅमेजसाठी टाकला आणि ४० फुटांवरची क्लेरिक (पुजारीण) १० फुटांवर आली. आता कॅरमच्या सोंगट्या वापरतो: टेबल म्हणजे तळ, आणि जितक्या सोंगट्या खाली तितकं मिनिएचर वर. पंखा तेवढा बंद ठेवावा लागतो.