घरगुती वनौषधी मलम: तेल, वनस्पती आणि पद्धत यांची निवड

चुरचुरणाऱ्या, लालसर झालेल्या किंवा कोरडेपणामुळे खाजणाऱ्या त्वचेसाठी घरी मलम करायचे ठरले, की पहिला प्रश्न बहुधा ‘कोणती वनस्पती घ्यावी?’ हा असतो. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. अशा मलमाचे जवळजवळ सगळे वजन तेलाचे आणि मेणाचे असते, त्वचेतला ओलावा उडू न देण्याचे मुख्य कामही तेच दोघे करतात आणि वनस्पतीचा अर्क त्यात थोडी भर घालतो. तेव्हा विचार आधी तेलाचा करावा.

ऑलिव्ह तेल लवकर खवट होत नाही आणि वनस्पतींचे अर्क काढण्यासाठी ते फार पूर्वीपासून वापरात आहे. परंतु त्यात ओलेइक आम्लाचे (तेलातल्या एका स्निग्ध आम्लाचे) प्रमाण मोठे असते आणि आधीच दुबळ्या झालेल्या त्वचेला ते मानवतेच असे नाही. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात प्रौढांच्या हातावर काही आठवडे ऑलिव्ह आणि सूर्यफूल तेल लावून पाहिले, तेव्हा ऑलिव्ह तेलाने त्वचेचा बाहेरचा थर कमकुवत होऊन सौम्य लाली आली, तर सूर्यफूल तेलाने तो थर शाबूत ठेवला. सूर्यफूल तेलातले लिनोलेइक आम्ल हे दुसरे स्निग्ध आम्ल त्वचेच्या संरक्षक थराला उपयोगी पडते, मात्र तेच आम्ल हवेशी लवकर संयोग पावत असल्याने हे तेल खवटही लवकर होते. बाटली घेताना ‘हाय ओलेइक’ असे लिहिले आहे का ते पाहावे, कारण त्या प्रकारात लिनोलेइक आम्ल कमी असते आणि मग सूर्यफूल निवडण्याचे कारणच उरत नाही. खोबरेल तेल टिकाऊ खरे, पण ते सुमारे 24 अंश सेल्सिअसला वितळत असल्यामुळे त्यात केलेले मलम थंडीत घट्ट आणि उन्हाळ्यात सैल होते. खाजणाऱ्या त्वचेसाठी मी सूर्यफूल तेल घेईन आणि ते संपेल इतकेच, म्हणजे एका वेळी 100 ग्रॅम तेलाचे, मलम करीन.

तेलात अर्क उतरवण्याच्या पद्धती दोन. थंड पद्धतीत वाळलेली वनस्पती तेलात पूर्ण बुडवून चार ते सहा आठवडे सावलीत ठेवतात; उष्ण पद्धतीत तेच भांडे गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून मंद आचेवर दोन-तीन तासांत काम उरकतात. थंड पद्धतीला श्रम कमी, पण तेल तितके आठवडे जुने होते, म्हणून सूर्यफूल तेलासाठी उष्ण पद्धत बरी, फक्त तेल तापून धुरकटता कामा नये. दोन्हींत वनस्पती कडकडीत वाळलेली हवी. ताज्या पानाफुलांतले पाणी तेलात उतरले, तर त्यात बुरशी किंवा जिवाणू वाढू शकतात. ई जीवनसत्त्व तेलाचा खवटपणा लांबवते, जिवाणूंना अडवत नाही. पाणी असते म्हणूनच कोरफडीचा ताजा गरही या मलमात घालू नये.

वनस्पतींमध्ये कॅलेंड्युला आणि कॅमोमाइल या फुलझाडांपैकी कोणाचीही वाळलेली फुले चालतील. (कॅलेंड्युलाला काही जण झेंडू म्हणतात, पण आपला नेहमीचा झेंडू ही वेगळी वनस्पती आहे.) दोन्ही एकाच कुळातल्या असून शेवंती आणि गाजरगवतही त्याच कुळातले आहे, ज्यांना त्यांपासून त्रास होतो त्यांनी दोन्ही टाळाव्यात. हळदीचा डाग पडतो आणि कडुनिंबाचा वास सगळ्यांना सोसत नाही. कॉम्फ्रे ही मलमांत वापरली जाणारी वनस्पती मात्र फाटलेल्या त्वचेवर नकोच, कारण त्यातील काही अल्कलॉइड (वनस्पतीतली नैसर्गिक रसायने) यकृताला घातक असतात. सुवासासाठी लॅव्हेंडर किंवा टी-ट्री तेलाचे थेंब टाकण्याचा मोहही आवरावा. चिडलेल्या त्वचेला ॲलर्जी होण्याचे ते एक ओळखीचे कारण आहे.

मेणाचे गणित सोपे आहे. मधमाशीचे मेण 62 ते 64 अंशांच्या आसपास वितळते. वजनाने पाच भाग गाळलेल्या तेलाला एक भाग मेण घेतले की डबीत राहणारे मलम होते, आठ भागांना एक घेतले की ते मऊ आणि सहज पसरणारे होते. दुखऱ्या त्वचेवर घासावे लागू नये म्हणून दुसरे प्रमाण चांगले. मधमाशीचे मेण नको असल्यास कँडेलिला हे वनस्पतिजन्य मेण मिळते, पण ते जास्त कडक असल्याने साधारण निम्मेच पुरते.

आता ज्यांना करावे की नाही हेच ठरवायचे आहे, त्यांच्यासाठी साध्या पेट्रोलियम जेलीची तुलना टाळता येणार नाही. ओलावा धरून ठेवण्यात ती घरच्या मलमापेक्षा सरस आहे, तिच्यात सुगंध किंवा वनस्पती नसल्याने ॲलर्जीची शक्यताही फार कमी असते आणि ती खवट होत नाही. वारंवार ॲलर्जी उठणाऱ्याने तीच घ्यावी. घरच्या मलमाचे बलस्थान इतकेच, की त्यात काय आहे हे आपल्याला नेमके माहीत असते आणि घट्टपणा आपल्या हातात असतो.

पाणी किंवा पू येणारी जागा, गोल कडा असलेले गजकर्णासारखे चट्टे आणि ताजी भाजलेली त्वचा यांपैकी कशावरही हे मलम नको. भाजल्यास वाहत्या गार पाण्याखाली 20 मिनिटे धरणे हाच पहिला उपाय. एरवी नवे मलम आधी कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा, सात ते दहा दिवस लावून पाहावे. खाज किंवा पुरळ उठल्यास ते तिथेच थांबवावे आणि मग पुढच्या खेपेला तीच वनस्पती सोडून फक्त तेल-मेणाचे मलम करून पाहावे, म्हणजे दोष कशाचा ते कळते.